फादर स्टीफन्सच्या पुराणाची ‘मूळ’ प्रत : एक पुनर्विचार

फादर थॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाचें नांव मराठी वाङ्मयाच्या इतिहासाशीं परिचय असलेल्या कोणासही नवें नाहीं. त्यांतील मराठी भाषेची स्तुति कित्येक पिढ्यांनीं मुखोद्गत केली, आणि एका इंग्रज पाद्र्यानें आमच्या भाषेचे इतके गोडवे गावे या गोष्टीचें कौतुकही भरपूर झालें. परंतु हें पुराण वाचावयाचें तें कोणत्या प्रतीवरून, या प्रश्नाकडे जितकें लक्ष जावयास हवें होतें तितकें गेलें नाहीं. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत असलेलें देवनागरी हस्तलिखित हेंच ग्रंथकाराचें मूळ होय, आणि रोमन लिपींत उतरलेला पाठ म्हणजे त्याचें विकृत रूप होय, असें मत १९२३ पासून प्रचारांत आहे. त्यास हरकत घेणारे अभ्यासक झाले नाहींत असें नाहीं. तथापि सामान्य वाचक, शिक्षक व संग्राहक यांच्या मनांत तें मत अद्याप घर करून आहे. आम्ही स्वतः मराठी व संस्कृत शिकवीत असतां अनेक वर्षें विद्यार्थ्यांस हेंच सांगत आलों. सेवानिवृत्तीनंतर दोन्ही परंपरांचा सावकाश विचार करण्यास सवड मिळाली, तेव्हां ज्या निःशंकपणें आम्ही तें सांगत होतों त्यास पुरेसा आधार नव्हता असें आढळून आलें. हें आमचें जुनें विधान मागें घेणें व त्याचीं कारणें देणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथकाराविषयीं आवश्यक तेवढें सांगतों. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन या खेड्यांत १५४९ च्या सुमारास झाला. पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांस कोठें एस्तेव्हांव तर कोठें बुस्तेन म्हटलेलें आढळतें, त्यांपैकीं दुसरें नांव या जन्मग्रामावरून पडलें. इंग्लंडांत त्या वेळीं कॅथलिक पंथाचा छळ चालू होता. स्टीफन्स यांनीं स्वदेश सोडून रोम गांठलें व १५७५ सालीं ते जेझुइट संघांत दाखल झाले. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून ते त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्याच्या २४ तारखेस गोव्यास पोंचले. या प्रवासाचें वर्णन करणारें त्यांचें पित्यास लिहिलेलें पत्र हक्लुइट यांनीं १५८९ सालच्या आपल्या प्रवासवृत्तसंग्रहांत छापिलें. पुढें चारच वर्षांनीं, १५८३ मध्यें, आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे असें नमूद केलें. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास १७८६ सालीं जें सुप्रसिद्ध व्याख्यान दिलें त्याच्या दोनशें वर्षें आधीं हें लिहिलें गेलें, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या इतिहासकारांनीं मानिली आहे.

गोव्यांत आल्यावर सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, त्यांचा काळ मुख्यत्वेंकरून साष्टी प्रांतांतील ख्रिस्ती गांवांच्या पौरोहित्यांत गेला. हा प्रांत कोणत्या स्थितींत त्यांच्या हातीं आला हें विसरून त्यांच्या ग्रंथाचा विचार करितां येत नाहीं. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. १५६७ सालीं साष्टींतील देवालयें पाडण्यांत आलीं. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं पांच जेझुइटांस ठार मारिलें, व त्यांचीं प्रेतें परत मिळवून आणण्याचें काम ज्यांच्याकडे आलें त्यांत स्टीफन्स हे होते. अशा भूमींत, अशा लोकांमध्यें, एक परदेशी पुरोहित त्यांची भाषा शिकून त्यांच्याच छंदांत सुमारें अकरा हजार ओव्या रचतो, ही घटना जितकी स्तुत्य तितकीच विचार करावयास लावणारी आहे.

स्टीफन्स यांचे तीन ग्रंथ ज्ञात आहेत. ख्रिस्ती मतसार सांगणारी प्रश्नोत्तररूप ‘दौत्रीन’ व ‘आर्त’ नामक व्याकरण हे दोन कोंकणी भाषेविषयींचे होत. दौत्रीन त्यांच्या पश्चात् १६२२ सालीं राचोल येथें छापली गेली. व्याकरणांत दियोगु रिबैरु यांनीं भर घातली व तें १६४० सालीं त्याच ठिकाणीं निघालें. मारियानु साल्दान्य यांनीं १९४५ सालीं लिस्बन येथून दौत्रीनीची छायाप्रत प्रसिद्ध केली, आणि व्याकरण तर त्याहून पूर्वीं, १८५७ मध्यें, कुन्य रिव्हार यांनीं पुनः छापून काढिलें होतें. तिसरा ग्रंथ हा पुराण. तो मराठींत आहे. त्याचे दोन भाग असून पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या आगमनाच्या भविष्यापर्यंतची कथा छत्तीस अवस्वरांत आणि दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र एकोणसाठ अवस्वरांत आलें आहे. १६१६ सालीं तो राचोल येथें रोमन लिपींत प्रथम छापला गेला. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्ति निघाल्या. या तिन्ही आवृत्तींपैकीं एकीचीही प्रत आज उपलब्ध नाहीं.

मुद्रित प्रति नष्ट झाल्या तरी ग्रंथ टिकला, तो हातांनीं नकला करणाऱ्या भाविकांमुळें. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें देशी भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढिला. गोव्यांतून दक्षिणेकडे जाऊन स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं आपल्यासोबत या पुराणाच्या रोमन लिपींतील वह्या नेल्या व त्यांचें वाचन चालू ठेविलें. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्दान्य यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींतील आवृत्ति छापिली. आज ज्यास रोमन पाठ म्हणतात तो मुख्यतः हाच होय.

दुसरी परंपरा मार्सडेन प्रतीची. विल्यम मार्सडेन हे नाणेशास्त्र व पौर्वात्य भाषा यांचे व्यासंगी होते. त्यांनीं आपला ग्रंथसंग्रह १८३५ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला, व तो पुढें तेथील पौर्वात्य विद्यालयाकडे आला. या संग्रहांत पुराणाच्या दोन्ही भागांचें देवनागरी हस्तलिखित असल्याचें अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२३ सालीं विद्वानांच्या नजरेस आणिलें. अ‍ॅबट हे सामान्य गृहस्थ नव्हत; मराठी संतांचीं चरित्रें व कवनें इंग्रजींत आणण्याचें जें काम त्यांनीं केलें त्याचे आम्ही सर्व ऋणी आहों. त्यांनीं या हस्तलिखितास ‘मूळ देवनागरी पाठ’ असें म्हटलें. तेथून ‘मूळ’ हा शब्द जो त्या प्रतीस चिकटला तो आजपर्यंत सुटलेला नाहीं.

या मताच्या पुष्ट्यर्थ जें सांगितलें जातें त्याचा निष्कर्ष दोन मुद्द्यांत देतां येईल. एक असा कीं, मराठी ग्रंथ मराठीच्या लिपींतच लिहिला गेला असणार. छापण्यास देवनागरी ठसे नव्हते म्हणून मुद्रणापुरती रोमन लिपि पतकरावी लागली. दुसरा असा कीं, साल्दान्य यांच्या पाठांत जेथें पोर्तुगीज वा लॅटिन धार्मिक शब्द येतात तेथें मार्सडेन प्रतींत संस्कृत वा देशी शब्द आहेत. ही भाषा अधिक शुद्ध व एकजिनसी वाटते. तेव्हां हीच कवीची खरी भाषा, आणि परकी शब्द हे मागाहून घुसडलेले. दोन्ही मुद्दे प्रथमदर्शनीं मनास पटण्यासारखे आहेत. आम्हांसही ते पटले होते.

पहिल्या मुद्द्याविषयीं एक अस्सल पुरावा आहे. १६०८ च्या डिसेंबरांत स्टीफन्स यांनीं रोम येथील संघप्रमुखांस पत्र लिहून, या देशाच्या भाषेंत व लिपींत कांहीं पुस्तकें छापलेलीं पाहण्याची आपली अनेक वर्षांची इच्छा आहे, असें कळविलें. मलबारांत तसें झालें आहे, येथें मात्र होत नाहीं; कारण आपल्या चोवीस अक्षरांऐवजीं येथें जोडाक्षरांसह सहाशें सांचे पाडावे लागतील असें लोकांस वाटतें; परंतु हा आंकडा पुष्कळ कमी करितां येईल, असें त्यांचें म्हणणें होतें. आठ वर्षांनीं पुराण छापलें गेलें तें रोमन लिपींतच. त्यांची विनंति सफळ झाली नाहीं. देवनागरी ठशांत मराठी व्याकरण छापलें गेलें तें श्रीरामपुरास, १८०५ सालीं, म्हणजे या पत्रानंतर १९७ वर्षांनीं.

हें पत्र वाचून कोणाही मराठी माणसास गहिंवर यावा हें साहजिक आहे. परंतु त्यावरून काय सिद्ध होतें तें नीट पाहिलें पाहिजे. ग्रंथकारास देवनागरी छपाई हवी होती हें सिद्ध होतें. त्यानें पुराणाचा खर्डा कोणत्या लिपींत केला हें सिद्ध होत नाहीं. तो खर्डा देवनागरींत होता असें क्षणभर गृहीत धरिलें, तरी लंडनची प्रत तोच खर्डा होय किंवा त्याचीच नक्कल होय, हें तर मुळींच सिद्ध होत नाहीं. इच्छा हें प्रमाण नव्हे. कवीची इच्छा व आमची इच्छा या दोहोंचा येथें संगम झाला, आणि त्या संगमांत प्रमाणाचा विचार वाहून गेला.

दुसरा मुद्दा भाषेचा. संस्कृत ग्रंथांच्या पाठचिकित्सेचा ज्यांस थोडाबहुत अनुभव आहे त्यांनीं येथें विशेष सावध राहिलें पाहिजे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तिच्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत, १९३३ सालीं, डॉ. सुकथनकर यांनीं दाक्षिणात्य पाठपरंपरा ही अधिक विस्तृत, अधिक सुबद्ध व अधिक अलंकृत आहे असें दाखविलें, आणि याच कारणास्तव ती मूळास जवळची धरली नाहीं. नकलाकार खडबडीत जागा गुळगुळीत करितो. गुळगुळीत जागा मुद्दाम खडबडीत करणारा नकलाकार क्वचितच भेटतो. तेव्हां मार्सडेन प्रतीची भाषा अधिक एकजिनसी आहे, एवढ्याच कारणानें ती आधींची ठरत नाहीं. उलट त्या एकजिनसीपणामुळेंच तीविषयीं शंका घेण्यास जागा आहे.

आतां खुद्द ग्रंथकाराची साक्ष काढूं. साल्दान्य यांच्या आवृत्तींत पुराणाच्या आरंभीं गद्य निवेदन आहे. त्यांत ग्रंथकार सांगतात कीं, परमेश्वराच्या गोष्टी सांगण्यास या देशींच्या भाषांत मराठी योग्य दिसली. परंतु शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाहीं असें पाहून, मागील कवींचे अवघड शब्द टाकून ब्राह्मणांच्या चालत्या भाषेंतील सोपे शब्द तींत मिसळले. म्हणजे मिश्रण हा ग्रंथकारानें बुद्ध्या पतकरलेला मार्ग होता. जो कवि आपल्या ग्रंथाची भाषा मिश्र आहे असें स्वतःच सांगतो, त्याच्या ग्रंथाची अधिक शुद्ध प्रत हीच मूळ असें म्हणणें म्हणजे त्याचा शब्द खोटा ठरविणें होय.

दुसरी साक्ष दौत्रीनीची. हा ग्रंथ स्टीफन्स यांचाच, आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आंत छापला गेल्यानें त्याच्या पाठाविषयीं वाद नाहीं. त्यांत चर्च, पवित्र आत्मा इत्यादि विषयींचे पोर्तुगीज-लॅटिन शब्द कोंकणी वाक्यांत सरळ वापरलेले आढळतात. ज्या पुरोहितानें आठवड्यामागून आठवडे मुलांकडून हे शब्द म्हणवून घेतले, त्यानेंच आपल्या पुराणांतून ते कटाक्षानें वगळले असतील हें अशक्य नाहीं, पण आपोआप गृहीत धरण्यासारखेंही नाहीं.

येथवर वाचून आम्ही आतां रोमन पाठासच मूळ म्हणणार, अशी वाचकांची समजूत होण्याचा संभव आहे. तसा आमचा मानस नाहीं. एका पक्षाचा अतिरेक दाखवून दुसऱ्या पक्षाच्या अतिरेकांत पडणें हें शास्त्र नव्हे. रोमन पाठाविरुद्धही सांगण्यासारखें बरेंच आहे. पोर्तुगीज अमलांत कोणतेंही पुस्तक छापावयाचें तर इन्क्विझिशन व धर्माधिकारी यांची परवानगी लागे. तेव्हां कवीनें योजिलेला एखादा संस्कृत शब्द मतदृष्ट्या सदोष मानून त्याच्या जागीं ठरीव पोर्तुगीज शब्द घालावयास लाविलें गेलें असेल, ही शक्यता नाकारितां येत नाहीं. साल्दान्य यांच्या हातीं आलेल्या वह्या या छापील पुस्तकांच्या नकलांच्या नकला होत. शिवाय ही रोमन लेखनपद्धति मूर्धन्य वर्णांसाठीं अक्षर दुप्पट करिते खरी, पण स्वराचें ऱ्हस्वदीर्घत्व दाखवीत नाहीं. ‘दिन’ कीं ‘दीन’ हें संदर्भानेंच ठरवावें लागतें. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यास रोमन पाठ देवनागरींत आणिला, त्या वेळीं असे निर्णय त्यांस पानोपानीं करावे लागले असतील. तें काम करून त्यांनीं महाराष्ट्रावर उपकार केले. पण देवनागरींत छापलेलें पाहून तो पाठ कवीच्या हातचाच असें मानणारा वाचक नकळत फसतो. अशा संशयाच्या जागीं मार्सडेन प्रत हा अमोल साक्षीदार आहे.

दोन्ही पाठांतील भेदाचें कारण काय असावें याविषयीं आम्ही एक अनुमान सुचवितों. तें अनुमानच समजावें. स्टीफन्स पुराण रचीत होते त्याच वर्षांत मदुरेस रॉबर्ट द नोबिली नामक जेझुइट पाद्री संन्याशाचा वेष घेऊन, तमिळ ख्रिस्ती भाषेंतील पोर्तुगीज शब्द काढून त्यांजागीं संस्कृतोद्भव शब्द घालीत होता. त्याच्या पद्धतीवरून इतकें वादंग माजलें कीं १६१९ सालीं गोव्यांत सभा भरली, व १६२३ सालीं पोप पंधरावे ग्रेगरी यांस निर्णय द्यावा लागला. यावरून एवढें दिसतें कीं परकी शब्द ठेवावे कीं संस्कृत योजावे, हा प्रश्न त्या काळीं त्या संघांतच धगधगत होता. पोर्तुगीज सत्तेखालील साष्टींत परकी शब्द चालून जात. सत्तेबाहेरील मुलुखांत तेच शब्द कानास खुपत. मार्सडेन पाठ हा अशा बाहेरच्या श्रोत्यांसाठीं केलेला संस्कार असूं शकेल. तो संस्कार स्वतः स्टीफन्स यांनीं केला, त्यांच्या शिष्यानें केला, कीं एखाद्या नंतरच्या पंडितानें केला, हें दोन्ही पाठ ओवीस ओवी लावून पाहिल्याशिवाय कळणें नाहीं.

हा वाद निव्वळ शब्दांचा नव्हे. स्टीफन्स यांच्या काव्यगुणांचें जें मूल्यमापन आम्ही करितों तें याच प्रश्नावर अवलंबून आहे. भाषेच्या स्तुतीचा प्रसिद्ध भाग पाहा. रत्न, मोगरा, कस्तुरी, मयूर, कल्पतरु असे दृष्टांत एकामागून एक देऊन कवि मराठीस भाषांमध्यें श्रेष्ठ ठरवितो. ज्ञानेश्वरीच्या दृष्टांतमालांशीं परिचय असलेल्यास ही धाटणी कोठून आली हें सांगावें लागत नाहीं. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणणें, अध्यायाच्या आरंभीं नमन करणें, श्रोत्यांस मधून मधून सावध करणें, या सर्व गोष्टींत मराठी पुराणिकाचा कित्ता कवीनें मन लावून गिरविला आहे. क्रूसारोहणाच्या कथेंत मातेचा शोक येतो तेथें ओवी आपोआप संथ व आर्द्र होते. उलट मतप्रतिपादनाचे जे दीर्घ संवाद आहेत त्यांत काव्य पुष्कळदां थांबतें आणि शिक्षक बोलूं लागतो. यमकासाठीं शब्दांची ओढाताणही होते. हे गुणदोष दोन्ही पाठांत समान आहेत, म्हणून ते निःसंशय कवीचे होत. परंतु त्याची शब्दसंपत्ति, त्याचें संस्कृतज्ञान, परकी कल्पनेस देशी वेष देण्याचें त्याचें धाडस, यांविषयीं जें जें कौतुक आम्ही मार्सडेन प्रतीवरून करितों तें कदाचित् एखाद्या अनामिक संस्कारकाचें असेल. त्याचें श्रेय स्टीफन्स यांस देणें हा त्या अनामिकावर अन्याय. आणि रोमन पाठांतील ओबडधोबड मिश्रणाचा दोष नकलाकारांवर ढकलणें हा, ज्यानें लोकांस समजावें म्हणून जाणूनबुजून मिश्र भाषा वापरिली त्या कवीवर अन्याय.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. पहिल्या पुराणाच्या प्रथम अवस्वरांतच कवीनें ग्रंथाचें निमित्त सांगितलें आहे. आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं आम्हांस कां देत नाहीं, अशा आशयाचा प्रश्न एक ब्राह्मण पाद्र्यास विचारतो, आणि त्यास उत्तर म्हणून हें पुराण अवतरतें. या प्रसंगाकडे केवळ काव्यांतील प्रास्ताविक म्हणून पाहणें आम्हांस जमत नाहीं. ज्या संघाच्या पुरोहितानें ही पोकळी भरून काढिली, त्याच संघाचा ती पोकळी करण्यांत हात होता. गोव्यांतील किती मराठी पोथ्या त्या काळीं नाश पावल्या याची गणती आतां होणें नाहीं. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत रामायण-महाभारतांतील कथांच्या, कोंकणी गद्यांत व मराठी पद्यांत असलेल्या, रोमन लिपींत उतरून घेतलेल्या वह्या आहेत. पाद्र्यांनीं अभ्यासासाठीं करून ठेविलेल्या त्या वह्यांमुळेंच तो मजकूर वांचला. ज्यांनीं वर्ज्य केलें त्यांच्याच कपाटांत तो राहिला, हा इतिहासाचा विपर्यास आहे. आणि ख्रिस्तपुराण हें त्याच विपर्यासाचें सर्वांत सुंदर अपत्य आहे. स्टीफन्स यांची स्तुति करतांना हें विसरूं नये. आणि हें आठवून त्यांची ओवी कमी गोड मानूं नये.

नेमक्या याच काळांत, शके १५०६ मध्यें, पैठणास एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अपपाठ काढून तिचें शुद्धीकरण केलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. साष्टींतील पाद्र्याच्या ग्रंथास असा एकनाथ लाभला नाहीं. आणि ‘मूळ प्रत’ सांपडल्याचा हर्ष किती बेताचा ठेवावा, हा धडाही आमच्या घरचाच आहे : राजवाडे यांनीं १९०९ सालीं छापिलेली ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथपूर्व म्हणून पुढें आली, परंतु तिच्या प्राचीनतेविषयीं पुढें तीव्र मतभेद झाले. राजवाड्यांसारख्याचें विधानही जर तपासून घ्यावें लागतें, तर अ‍ॅबट यांचें घ्यावें लागलें यांत त्यांचा अधिक्षेप नाहीं.

कर्तव्य काय तें थोडक्यांत सांगतों. मंगळूरची १९०७ ची आवृत्ति, पुण्याची १९५६ ची, मुंबईस १९९६ सालीं निघालेली कॅरिदाद द्रागो यांची, आणि त्यानंतर नेल्सन फाल्कांव यांनीं केलेलें परिश्रम, एवढी सामग्री आतां हाताशीं आहे. हवी आहे ती अशी आवृत्ति कीं जींत रोमन व मार्सडेन हे दोन्ही पाठ समोरासमोर देऊन प्रत्येक ओवीचा भेद नोंदला जाईल, आणि ‘मूळ’ हा शब्द संपादक शेवटीं, पुराव्याअंतीं, उच्चारील, आरंभीं नव्हे. तोंवर लंडनच्या प्रतीस ‘मार्सडेन प्रत’ व साल्दान्य यांच्या पाठास ‘मंगळूर पाठ’ म्हणावें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक वेगळी विनंति आहे. आमची नजर मोडी व बाळबोध यांस सरावलेली असते. दक्षिण कोंकणांत, गोव्यांत, कारवारांत किंवा मंगळुरांत एखाद्या जुन्या घरीं दप्तर उलगडतांना रोमन अक्षरांची जाड वही निघाली, तर पोर्तुगीज कागद म्हणून आम्ही ती बाजूस सारितों. तसें न करितां चार ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. चार चरण, पहिल्या तिहींस यमक, असें कानास लागलें, तर ती मराठी ओवी आहे हें ओळखावें; आणि एका परदेशी पुरोहितानें मागितलेले सांचे न मिळाल्यामुळें परक्या अक्षरांत राहिलेली ती आमचीच पोथी आहे असें समजून तिची नोंद करून ठेवावी. १६१६ ची मुद्रित प्रत सांपडावी अशी आशा आम्हांस फारशी नाहीं. पण तिच्यावरून प्रत्यक्ष उतरलेली एखादी वही कोठें तरी असणें अशक्य नाहीं, आणि तशी एक मिळाली तर वरील सर्व विवेचन पुनः तपासावें लागेल. तो प्रसंग येईल तेव्हां आमचें हेंही मत मागें घेण्यास आम्ही आनंदानें तयार असूं. इति.